रॉकेलच्या डब्यातलं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरी पाणी रॉकेलच्या डब्यातून यायचं. पितळेच्या दोन घागरी होत्या, त्या आधीच ज्वारीपायी गेल्या होत्या. मग अप्पांनी एका दुकानातून पत्र्याचा रिकामा डबा मागून आणला, वरचा पत्रा कापला, आत आडवी दांडी ठोकली आणि अव्वा तो डोक्यावर घेऊन दीड कोसावरच्या विहिरीला जायला लागली. अव्वा म्हणजे माझी आई. आमच्या शिरूर अनंतपाळच्या भागात कानडी मुलूख जवळ, लिंगायतांच्या घरात आईला अव्वाच म्हणतात.

तो डबा तिनं राखेनं घासला, चिंचेनं घासला, चार दिवस उन्हात तापवला. वास काही गेला नाही. मी तेव्हा नऊ वर्षांचा. त्या वर्षभरात ते पाणी पिऊन पिऊन पाण्याला वास असतोच अशी माझी समजूत झाली. एकदा दुष्काळी कामावर, खडी फोडायच्या जागी, एका बाईनं मला तिच्या घागरीतलं पाणी दिलं. वास आला नाही, तर मी तोंडातला घोट थुंकला आणि म्हटलं, "मावशे, तुझं पानी खराब झालंय." सगळ्या बाया हसल्या. अव्वा हसली नाही.

अप्पा बाजार करायचे, म्हणजे आठवडी बाजारात पाल टाकून मीठ-मिरची विकायचे. मिठाशिवाय माणसाचं चालत नाही, त्यामुळं आपला धंदा कधी बसणार नाही, असं ते अभिमानानं सांगायचे. त्या वर्षी कळलं की घरात भाकरीच नसली तर मीठही लागत नाही. मग तेही खडी फोडायला गेले. दुपारी कामावर सुखडी, म्हणजे सरकारी कोरडा गोड खाऊ, मिळायची. ते दोघं आपली अर्धी अर्धी माझ्यासाठी पदरात, टोपीत बांधून आणायचे. घरी परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. त्या भाकरीला चव कसली होती ते सांगता येणार नाही, पण भुकेला चव विचारत नाहीत.

वैशाखात एक दिवस विहिरीच्या पायरीवरून अव्वाचा पाय घसरला. डबा पुढं आला आणि कापलेल्या पत्र्याची कड कपाळात गेली, अगदी विभूती लावतात त्या जागी. ती घरी आली तेव्हा तोंड रक्तानं माखलेलं आणि डबा अर्धा भरलेला. पहिल्यांदा तिनं डबा खाली उतरवून घेतला, पाणी झाकलं, मग कपाळाला हळद लावली. मी शपथ वगैरे घेतली नाही. नऊ वर्षांचं पोर कसली शपथ घेतंय? पण हिच्या डोक्यावरचा डबा उतरवायचा, एवढं माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढं मी जे काही केलं, शिकलो, समुद्रापलीकडं गेलो, ते सगळं त्या एका डब्यापायी.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मामा नांदेडला रेल्वेत खलाशी होते, त्यांच्या खोलीत राहून बी.एस्सी. केलं, केमिस्ट्री घेऊन. नांदेडला गेल्यावर पहिल्या दिवशी मी गोदावरीत उतरलो आणि दोन तास बाहेरच आलो नाही. मामा काठावरून ओरडत होते, "बस कर बे, उद्याबी हायच नदी!" उद्याही पाणी असतं, हे मला शिकावं लागलं.

पदवी हातात आली तेव्हा लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. काय आनंद होता लोकांत! आता कामासाठी उस्मानाबादच्या खेपा नाहीत, नवी कचेरी, नवे साहेब, आणि मुख्य म्हणजे आपल्या पोरांना नोकऱ्या. मीही पाणी तपासणीच्या एका जागेसाठी मुलाखत दिली. साहेब म्हणाले, "तुमची निवड पक्की समजा, फक्त पद मंजूर होऊन यायचंय." अप्पांनी गावात पेढे वाटले. मी पोस्टमनची वाट बघितली, पद काही मंजूर होऊन आलं नाही. कोणाचा दोष म्हणून सांगत नाही. नव्या घरात सगळ्या खोल्यांना एकदम दारं बसत नाहीत. पण पेढे वाटून झाले होते आणि अव्वा अजून पाणी वाहत होती.

अशा वेळी मामांच्या शेजारचे खलीलभाई सुट्टीवर नांदेडला आले. ते आखातात पाण्याच्या कारखान्यात ऑपरेटर होते. माझी मार्कशीट उलटीपालटी करून म्हणाले, "अरे बसवराज, इधर कायकू सड रहा तू? हमारे यां समंदर का पानी मीठा करते. तेरे जैसा तपासनेवाला होना उनको."

मी म्हटलं, "समुद्राचं पाणी? गोड?"

"मीठा मतलब फीका रे. आके तो देख."

त्या गावाचं आणि कंपनीचं नाव लिहीत नाही. करार जुना आहे, पण त्यातली गुप्ततेची कलमं अजून माझ्या कपाटात आहेत.

काम काय होतं ते सांगतो. वरणाच्या पातेल्यावर झाकणी ठेवली की आतून थेंब धरतात, बघा. तेच थेंब आमचा कारखाना डोंगराएवढ्या भांड्यांत तयार करायचा. समुद्राचं पाणी आत घ्यायचं, भांड्यातली हवा काढून घ्यायची म्हणजे ते कमी उष्णतेवर उकळतं, वाफ थंड करायची, खाली गोडं पाणी. पण हे पाणी इतकं शुद्ध की पिववत नाही. जिभेला पांढरा कागद लावल्यासारखं वाटतं. शिवाय ते भुकेलं असतं, लोखंडी पाइप खातं. म्हणून त्याला चुनखडीतून फिरवायचं, थोडं विहिरीचं खारट पाणी मिसळायचं, क्लोरीन घालायचं आणि मग गावाला सोडायचं. ते किती आणि कसं, हे ठरवणारा केमिस्ट मी. अप्पांनी जन्मभर मीठ विकलं आणि मी मीठ काढून पुन्हा चिमूटभर घालायचा पगार घेत होतो. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग काढताच कशाला?"

तिथं एक म्हातारा अरब होता. दर महिन्याला तांब्याची किटली घेऊन फाटकावर यायचा आणि तुमच्या पाण्यानं माझा कहवा बिघडतो म्हणून भांडायचा. सगळे हसून त्याला घालवायचे. एकदा मी त्याला आत बोलावलं आणि त्याच्याच हातचा कहवा प्यायलो. खरंच सपक होता. तपासलं तर आमची चुनखडीची टाकी संपत आलेली, यंत्रावरचे आकडे मात्र अजून बरोबर दिसत होते. त्यानंतर टाकी बदलली की पहिली बाटली मी त्या म्हाताऱ्याला पाठवायचो. खलीलभाई म्हणायचे, "ये बुड्ढा अपनी मशीन से तेज है." मला मात्र त्यातून एक धडा मिळाला, आणि तो पुढं कामाला आला. आकडा उशिरा बोलतो. जीभ आणि नाक आधी बोलतात.

आता सुखाचं. परदेशात राहून आलेली माणसं दोन प्रकारची. एक, तिथलं सगळं चांगलं म्हणणारी. दुसरी, तिथं असताना नुसतं आईच्या हातच्या भाकरीसाठी रडलो म्हणणारी. मी दोन्हींतला नाही. खोटं कशाला बोलू, मला तिथली थंडगार खोली आवडायची. नळ उघडला की पाणी, बटण दाबलं की वीज, दवाखान्यात रांग नाही. सुट्टीत गावी आलो की पहिल्या दिवशी सगळं गोड वाटायचं, तिसऱ्या दिवशी वीज गेली, डास आले आणि चुलत्यांनी "पगार किती पडतो रं?" असं सातव्यांदा विचारलं की मला माझी खोली आठवायची.

पण तिथली पहिली दोन वर्षं सांगतो. मला ताप आला. कंपनीची गाडी दारात आली, डॉक्टर आला, औषध फुकट. त्या पाच दिवसांत "काय खाल्लंस?" असं एका माणसानं विचारलं नाही. गावी नुसता खोकलो तर भिंतीपलीकडून शेजारीण काढा सांगायची, आणि मला त्याचा वैताग यायचा. ज्वारीचं पीठ तिथं मिळत नव्हतं. लग्नानंतर माझी बायको शोभा आली ती बॅगेत कपड्यांऐवजी पीठ आणि शेंगदाण्याची चटणी भरून. ती अर्धापूरची, केळीच्या बागांतली. तिथल्या दुकानातलं लांबलचक पिवळं केळ तिनं सोलून एक घास खाल्ला आणि म्हणाली, "हे केळ न्हाई हो. केळाचा फोटो हाय."

आणि एक गोष्ट, जी कशानंच भरून येत नाही. अप्पा गेले तेव्हा मी चौथ्या दिवशी पोचलो. समाधीवरची माती वाळलेली होती. एवढंच लिहितो.

अप्पा गेल्यावर वर्षभरात किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या घराची मागची भिंत तडकली. अव्वा सुखरूप होती, पण एकटी. दारात दोन वेळा बोअर मारून बघितला होता. पहिला कोरडा, दुसरा दीड वर्षात आटला. साठीतली बाई अजून कळशी घेऊन गल्लीच्या टोकाला जात होती. मी ठरवलं, बास. पाणी तिच्याकडं जात नाही, तर तिलाच पाण्याकडं न्यायचं.

ती आली. नऊवारी, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग, आणि पिशवीत आमच्या गल्लीतल्या विहिरीच्या पाण्याची एक बाटली. लिंगपूजेला दुसरं पाणी चालणार नाही म्हणे. मला कौतुक वाटलं आणि आगाऊपणाही सुचला. त्यातलं थोडं पाणी मी प्रयोगशाळेत नेऊन तपासलं. संध्याकाळी तिला सांगितलं, "अव्वा, तुझं पाणी आमच्या नियमात नापास झालं. लई जड आहे, क्षार फार."

ती पूजेचं ताट पुसत होती. वर न बघता म्हणाली, "ह्याच पान्यावर तू पास झालास की रं."

खरा तंटा मात्र दुसऱ्याच गोष्टीवरून सुरू झाला. आमच्या घरची रीत अशी, की दिवेलागणीला घरातलं एकूण एक भांडं घासून, भरून, झाकून ठेवायचं. रिकामं भांडं ठेवून निजायचं नाही. अव्वानं तिथंही ती रीत सुरू केली. बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला, थर्मास भरला, आइस्क्रीमचे रिकामे डबे भरले. मग तिला न्हाणीघरातला टब दिसला.

"एवढा मोठा हौद घरात, अन् तुमी त्यात बसून आंघोळ करता?" ती शोभाला म्हणाली. "लाज कशी वाटत न्हाई गं?"

"आत्याबाई, तो आंघोळीलाच असतो."

"असंल त्येंचा. आपला न्हाई."

टब काठोकाठ भरला, त्यावर इस्त्रीची फळी आणि चादर टाकून झाकला. आम्ही कोपऱ्यात उभं राहून, भिंतीला चिकटून आंघोळ करायला लागलो. मी पाण्याचा माणूस. शहराला पाणी पाजणारा. माझ्याच घरात नळाला चोवीस तास पाणी असताना हा संसार! रोज सकाळी कामावर निघताना मी टबचं बूच काढायचो. रोज संध्याकाळी टब भरलेला असायचा.

"अव्वा, इथलं पाणी जात नसतं. मी सोडतो ते पाणी. मी!"

"तू काय देव हाईस?"

"शिळं होतं ते पाणी, मी केमिस्ट आहे, मला कळतं."

"मला तहान कळती."

शोभा मधे पडायची नाही. एकदा फक्त म्हणाली, "तुमी दोघं भांडून राहिले, अन् मी तीन महिन्यांपासून भिजलेल्या चादरी वाळवून राहिले."

पण चार महिन्यांत अव्वा वाळायला लागली. जेवण कमी, बोलणं कमी. दिवसभर दाराच्या भिंगातून बाहेर बघत बसायची. इमारतीत बारा घरं. समोर केरळची एक नर्स, वर सुदानच्या एका मास्तराचं कुटुंब. सगळी दारं बंद. एक दिवस मला म्हणाली, "बसू, इथं मानसं ऱ्हातात का नुसत्या चपला ऱ्हातात? मला दारात चपला दिसत्यात, मानूस दिसत न्हाई." आणि मग, "मला घरी घालव बाबा."

मी सरळ नाही म्हटलं. घरी पाठवायचं म्हणजे पुन्हा तिच्या डोक्यावर पाणी ठेवायचं. त्यासाठी का मी इतकी वर्षं घालवली? आणखी एक गोष्ट होती. माझा तीन वर्षांचा करार त्या महिन्याअखेर संपत होता. नवा करार झाला तर गावी काहीतरी पक्की सोय करायला हाताशी काही उरणार होतं. नाही झाला, तर मी, शोभा आणि अव्वा, तिघंही परत, आणि गल्लीच्या टोकाची विहीर. त्यामुळं त्या महिन्यात मी साहेबांशी फार जपून वागत होतो.

नेमका तेव्हाच तो गुरुवार आला.

सकाळी निघताना मी नेहमीसारखं टबचं बूच काढलं. कारखान्यात पोचलो तर जिथं समुद्राचं पाणी आत घेतात त्या तोंडावरून खलीलभाईंचा फोन. "बसवराज, पानी का रंग देख के जा. कुछ चमक रा."

बंदराबाहेर एका जहाजातून काहीतरी सांडलं होतं. लांबवर पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी तकाकी. आमच्या तोंडाशी तरंगता अडसर टाकलेला होता आणि तेल मोजायचं यंत्र शून्य दाखवत होतं. शून्य म्हणजे सगळं ठीक. पण हलकं तेल पाण्याबरोबर आत आलं तर वाफेबरोबर वर चढतं, आणि एकदा भांड्यांत, पाइपांत बसलं की आठवडे निघत नाही.

मी तयार पाण्याचा नमुना घेतला, काचेच्या चंबूत कोमट केला, झाकण काढलं आणि वास घेतला.

नऊ वर्षांचा झालो.

दुसरं कसं सांगू? अव्वाच्या डब्यातलं पाणी. इतकं पुसट, की एका श्वासात येतं आणि दुसऱ्यात जातं. मी चंबू बाकीच्या दोघा केमिस्टांना दिला. एकाला पडसं, दुसरा दिवसाला वीस सिगारेटी ओढणारा. दोघांनीही मान हलवली, काही नाही म्हणून. माझंही मन म्हणालं, बसवराज, करार महिनाअखेरीला आहे.

मी मुदीरकडं गेलो. मुदीर म्हणजे आमचे व्यवस्थापक, इजिप्तचे, कडक पण सरळ माणूस. म्हटलं, पाणी आत घेणं आत्ता बंद करा.

"आकडा किती?" त्यांनी विचारलं.

"आकडा नाही. वास आहे."

"यंत्र शून्य म्हणतंय. मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल उद्या येईल. आपल्या दोन भांड्यांची दुरुस्ती चालू आहे, शहराच्या टाक्यांत आधीचं जेमतेम एक दिवसाचं पाणी आहे. बंद केलं तर परत सुरू करायला दोन दिवस. हे तुला माहीत आहे?"

"माहीत आहे. टाक्या मीच मोजतो."

"आणि वास नसला तर? रजिस्टरमध्ये मी काय लिहू? केमिस्टचं नाक?"

"माझं नाव लिहा."

त्यांनी रजिस्टर उघडलं. "तुला हा वास एवढा कसा ओळखता येतो?"

मी म्हटलं, "साहेब, मी हे पाणी एक वर्ष प्यायलोय."

त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. मी वेळ लिहिली, कारण लिहिलं, सही केली. खलीलभाईंनी पाणी आत घ्यायची दारं बंद केली तेव्हा पंपांचा आवाज थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कारखान्यातून समुद्राचा आवाज ऐकू आला.

आमचा नियम असा, की वरून जाहीर झाल्याशिवाय बाहेर कोणाला काही सांगायचं नाही. अफवा उठते, लोक नळ सोडून ठेवतात, टाक्या तासाभरात रित्या होतात. त्यामुळं मी घरी फोनही केला नाही. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तिथंच होतो. सारखा तो टब डोळ्यांपुढं येत होता. सगळ्या शहराचं पाणी मी सहीनिशी बंद केलं होतं आणि घरचं पाणी सकाळीच माझ्या हातानं मोरीत सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराचे नळ गेले. दुपारी अहवाल आला. पाण्यात तेल होतं. थोडं, पण होतं. मुदीर अहवाल घेऊन स्वतः प्रयोगशाळेत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "घरी जा. झोप. त्या नाकाला काही होऊ देऊ नकोस."

मी इमारतीत शिरलो तर जिन्यात गर्दी. बाया, बादल्या, पातेली. माझ्या घराचं दार सताड उघडं. आत न्हाणीघराच्या दारात स्टुलावर अव्वा बसलेली, पदर खोचलेला, हातात तांब्या. टब निम्म्याच्या वर भरलेला. समोर रांग.

"दोन तांबे. तुला दोनच," ती केरळच्या नर्सला चक्क आमच्या मराठीत सांगत होती. "तिच्या घरी ल्हान लेकरू हाय, तिला तीन. हात घालू नको गं, मी वाढती!" आमच्यात साठवणीच्या पाण्यात कोणी हात बुडवत नाही, एकानंच वरून ओतायचं असतं. कोणालाही तिची भाषा येत नव्हती आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. सुदानी मास्तरीण लेकराला मांडीवर घेऊन आमच्या पलंगावर बसली होती आणि तिच्या हातावर गुळाचा खडा होता. आल्यागेल्याला पाण्याआधी गूळ द्यायचा, ही आमची रीत.

मी तिथंच उभा. म्हटलं, "अव्वा, काल सकाळी मी टब रिकामा केला होता."

"रोजच करतुस की." तिनं तांब्या भरत सांगितलं. "तू गेलास की मी रोज परत भरती."

जिन्यातून वर येणारे खलीलभाई हे ऐकून भिंतीला टेकून हसले. "केमिस्ट साब, सुने क्या?"

मी अव्वाजवळ बसलो आणि हळूच सांगितलं, "हे नळ मीच बंद केले. पाण्याला रॉकेलचा वास येत होता."

तिचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मग दुसऱ्या हाताची बोटं नकळत कपाळावरच्या त्या जुन्या वणावर गेली. "आपल्या डब्यावानी?" तिनं विचारलं.

"तसाच."

"मंग बरं केलंस," ती म्हणाली आणि पुढच्या बाईला तांब्या ओतला.

ते दोन दिवस अव्वा इमारतीची पाटलीण होती. बाया आपापल्या घरचं काहीबाही आणत, ती ते हुंगून बाजूला ठेवी आणि शोभाला विचारी, "ह्यात मटन न्हाई न्हवं?" तिसऱ्या दिवशी सकाळी नळ आले. संध्याकाळपर्यंत बाराही दारं परत बंद झाली. लोक वाईट नव्हते. त्यांना आता काही लागत नव्हतं, एवढंच.

अव्वा पुन्हा भिंगाशी बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, "नळ आला अन् बाया गेल्या."

चूक माझ्या ध्यानात आली होती. मी तिच्या डोक्यावरचं ओझं बघत आलो होतो. त्या विहिरीवर ती रोज दहा बायांशी बोलत होती, भांडत होती, कोणाची लेक नांदते, कोणाची गाय व्याली हे ऐकत होती, ते मी मोजलंच नव्हतं. माझ्या तपासणीच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

करार झाला, पुढच्या तीन वर्षांचा. मी अव्वाला घरी पाठवलं, आणि त्या तीन वर्षांत गल्लीच्या टोकाची जुनी विहीर गावाला विचारून उपसली. गाळ काढला, बांधून घेतली, आजूबाजूच्या सगळ्या घरांच्या पत्र्यांचं पावसाचं पाणी गाळून तिच्यात सोडलं, मोटार आणि टाकी बसवली. एक नळ अव्वाच्या स्वयंपाकघरात नेला. दुसरा मुद्दाम आमच्या दाराबाहेर, ओट्याला लागून, सगळ्या गल्लीसाठी. गवंडी म्हणाला, "साहेब, दारात कशाला गर्दी करून घेताय? कोपऱ्यावर बसवू." म्हटलं, गर्दीच पाहिजे.

तो करार संपल्यावर मी पुढचा केला नाही. परत आलो. शिरूर अनंतपाळला पाणी आणि माती तपासायची एक खोलीभर प्रयोगशाळा टाकली. तोवर आमचं शिरूर तालुक्याचं गाव झालं होतं. परदेशातल्यासारखी थंडगार खोली नाही, वीज अजून जाते, चुलत्यांची पोरं आता पगाराऐवजी पेन्शन विचारतात. तिथलं सुख मला आठवतं आणि ते खरं होतं. एका उन्हाळ्यात आमची विहीरही तळाला गेली, टँकरच्या रांगेत मी स्वतः उभा राहिलो. नेहमीच भरलेली असते असं मी सांगणार नाही.

पण जे झालं ते सांगतो. नळ बसल्यापासून अव्वा अकरा वर्षं जगली. त्या अकरा वर्षांत तिनं डोक्यावर एकदाही पाणी वाहिलं नाही. आणि घरात नळ असूनही, शेवटच्या संध्याकाळपर्यंत तिनं सगळी भांडी भरून ठेवली. मी एकही रिकामं केलं नाही.